मी गुत्त्यात जाऊन आले

शीर्षक वाचून पान उलटू नका. खरेच गेले होते. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पदर आणि पायांत लेकीचे लोकरी मोजे, अशा अवतारात मी विलायतेतल्या एका खेड्यात दारूच्या घरात चांगली दीड तास बसून आले. कसे घडले ते सांगते. मग मला नावे ठेवायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

मला ओळखणाऱ्या बायांना तर हसूच येईल. आमच्या गावातले देशी दारूचे दुकान बंद करायला सह्या गोळा करत जी चार-पाच जणी दारोदार फिरली, त्यांत मी पुढे होते. ज्या गावांनी हे केले नसेल त्यांच्यासाठी सांगते. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या एकचतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली की मतदान लावता येते. कागदावर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. पण मेख अशी की मतदानाला आलेल्यांतल्या निम्म्या चालत नाहीत, यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त आडवीवर पडाव्या लागतात. म्हणजे जी घरी राहिली ती उभ्या बाटलीच्या बाजूची. त्या दिवशी आम्ही भांगलणीच्या बायांच्या हातची खुरपी काढून घेतली, बाळंतिणीला रिक्षात घालून आणले. दुकान बंद झाले. त्या रात्री गावात पुरणपोळ्या झाल्या.

आणि यामागे माझे स्वतःचे एक दुःख होते. माझा पाठचा भाऊ दारूत गेला. छत्तीस वर्षांचा होता. माहेरची कालव्याकाठची दोन एकर बागायत, आमच्या वडिलांनी दगड वेचून केलेली, ती आधी गुंठ्यागुंठ्याने गेली आणि मग तो गेला. वहिनी दोन पोरे घेऊन दुसऱ्याच्या बांधावर कामाला जाऊ लागली. तेव्हापासून दारूचा वास आला की माझ्या पोटात कालवते.

तर अशी मी. २०२३ च्या पावसाळ्यात लेकीने विमानाचे तिकीट पाठवले. लेक आणि जावई लंडनच्या पश्चिमेला रेडिंग नावाच्या शहरात राहतात. तिथे आपल्याकडची पोरे पुष्कळ. गणपतीला आरतीला एवढी मंडळी जमली की मला सातारलाच बसल्यासारखे वाटले. पण दिवसा काय करायचे? लेक-जावई कामावर, नात शाळेत. मी मागच्या दारी बसून शेजारच्यांची बाग बघायची.

शेजारी ऐंशीच्या पुढचे एक बाबा एकटे राहतात. त्यांनी काठ्यांवर घेवड्याचे वेल चढवले होते. एक दिवस वारा सुटला आणि काठ्या आडव्या झाल्या. मी कुंपणावरून हात घालून आपल्या पद्धतीने तिकाटणे बांधून दिले. भाषा येत नव्हती, पण गाठ मारायला भाषा कशाला लागते? त्या दिवसापासून घेवडा आमच्याकडे आणि मेथीची भाजी त्यांच्याकडे असा व्यवहार सुरू झाला. एकदा त्यांनी लेकीला विचारले, तुझी आई शेतकऱ्याची बायको का? मी म्हटले, सांग त्यांना, मी स्वतः शेतकरी आहे, सातबाऱ्यावर माझे नाव आहे. बाबा खुश झाले. तेही शेतकऱ्याच्या घरातले निघाले, लहानपण शेतावर गेलेले. म्हणाले, मग तुम्हाला एक घर दाखवले पाहिजे. माझ्या लहानपणी सगळीकडे असायचे तसले, आता थोडीच राहिलीत.

लेकीने मला एवढेच सांगितले, "आई, बाबा जुने घर दाखवायला नेणार आहेत." बाकीचे तिने गिळले, हे मला मागाहून कळले.

सप्टेंबरातला शनिवार होता. मोटार थेम्स नदी ओलांडून एका उंच चढणीला लागली आणि वर आल्यावर एकदम माळ लागला. त्याला तिकडे डाउन्स म्हणतात. गोलगोल, गवताच्या, बिनझाडीच्या टेकड्या. नुकतेच नांगरलेले एक रान दिसले तर मी मोटार थांबवायला लावली. माती पांढरी! पिठासारखी पांढरी, आणि तिच्यात काळेकरडे गारगोटीचे खडे. बाबा म्हणाले, हा सगळा खडू आहे, शाळेतल्या फळ्यावरचा, जमिनीखाली शेकडो फूट. पाणी पडले की खाली झिरपून जाते, वर टिकत नाही. अशा रानात ते गहू घेतात आणि जव, म्हणजे आपले सातू. सातूची कापणी होऊन खुंट उभे होते. मी एक लोंबी उचलून चोळून बघितली. दाणा आपल्या गव्हापेक्षा सडपातळ, टोकदार. बाबा डोळे मिचकावून म्हणाले, याचीच पुढे गंमत दाखवतो.

गावाचे नाव ऑल्डवर्थ. गाव म्हणजे पन्नासेक घरे इकडेतिकडे. चौकात एक छपराची विहीर आहे, तीनशे फुटांहून जास्त खोल. आपल्याकडे आता बोअर तेवढे जातात म्हणून आपल्याला नवल वाटणार नाही, पण ही माणसाने हातांनी खणलेली, आणि पाणी रहाटाने ओढायचे. एक पोहरा वर यायला किती वेळ लागत असेल ते तुम्हीच बघा. जरा पुढे जुने देऊळ आहे, त्यात चौदाव्या शतकातल्या एका सरदार घराण्याच्या नऊ दगडी मूर्ती निजलेल्या आहेत, माणसाहून थोराड. लोक त्यांना ऑल्डवर्थचे राक्षस म्हणतात. ते बघून परत चौकात आलो, तर विहिरीसमोरच एक बुटके, तांबड्या कौलांचे घर आणि त्यावर घंटेची पाटी. मला वाटले, हेही देऊळच. मी दाराबाहेर चपला काढू लागले तशी नात खो-खो हसली.

दार उघडले आणि वास आला.

माझे पाय थिजले. लेकीकडे बघितले, तिने मान खाली घातली. त्या घराचे नाव बेल इन, म्हणजे घंटेची खाणावळ, पण खरे काम दारू पाजण्याचे. मी म्हटले, तुम्ही जा, मी विहिरीवर बसते. बाबांना काय झाले ते उमगेना. लेकीने त्यांना थोडक्यात माझ्या भावाचे सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, पिऊ नका, बसूही नका, नुसते आत डोकावा आणि तुमच्या गावात असे घर असते का एवढे मला सांगा. मी तरीही गेले नसते. पण तेवढ्यात एक तपकिरी कुत्रे आत पळाले आणि त्याच्यामागे माझी सात वर्षांची नात. पोर गुत्त्यात शिरल्यावर आजी बाहेर उभी राहील होय?

आत शिरले, आणि पहिल्यांदा जे मनात आले ते खरे सांगते. मला माझ्या आजोळचे माजघर आठवले. तसाच अंधार, तशाच काळ्या पडलेल्या तुळया, डोके लागेल इतक्या खाली. खाली तांबड्या फरशा, पावलांनी झिजून मधे खोलगट झालेल्या. भिंतीला लाकडी फळ्या आणि त्यांना लागून लांब बाके, बसून बसून गुळगुळीत झालेली. एका अंगाला लाकडाची शेगडी. कुठे चित्रपटातले गाणे नाही, टीव्ही नाही, आणि मोबाईल वापरायला मनाई. आपल्या हॉटेलात असतो तसा गल्लाही नाही. मधोमध तावदानांची एक खिडकी आहे, आपल्या रेशन दुकानाच्या खिडकीसारखी. तिच्यापाशी जायचे, काय हवे ते सांगायचे, पैसे तिथल्या तिथे द्यायचे आणि पेला घेऊन बाकावर येऊन बसायचे. उधारीची वही मला दिसली नाही. ज्या घरात उधारीच्या वहीने दोन एकर खाल्ले त्या घरची बाई असल्या गोष्टी बघतेच.

भिंतीवर एक मोठे घड्याळ आहे. त्याला काटा एकच. मला वाटले, दुसरा मोडला असेल. तर नाही. ते घड्याळ तीनशे वर्षांपूर्वीचे, आणि त्या काळी एकच काटा असे, तासाचा. मिनिटे मोजायची कुणाला गरजच नव्हती. मला ते फार आवडले. आमच्या सासऱ्यांचेही तसेच होते, सावली उंबऱ्यावर आली की वैरण, पायरी उतरली की मोट.

हे घर चौदाव्या-पंधराव्या शतकातले म्हणतात. आणि अडीचशे वर्षांहून जास्त काळ ते एकाच कुटुंबाकडे आहे. म्हणजे आपल्याकडे थोरले माधवराव पेशवे होते, साधारण त्या सुमारापासून. पिढ्या आल्या आणि गेल्या, खिडकी तीच. बदल करून मोठे हॉटेल करावे असे एवढ्या वर्षांत कुणाला तरी वाटले असेलच की, पण केले नाही. तिकडे १९७१ पासून जुन्या पद्धतीची बिअर आणि जुनी दुकाने टिकवायची मोठी चळवळ आहे. ज्या पबांची आतली मांडणी जुनीच राहिली त्यांची ते यादीही ठेवतात. त्या चळवळीने १९९० साली आणि पुन्हा २०१९ सालासाठी या घराला देशातले सर्वांत चांगले पब ठरवले. पब हा शब्द ‘पब्लिक हाउस’ यावरून आला. सरळ मराठीत लोकांचे घर. हे कळल्यावर मी बाबांना विचारले, मग बायका कुठे बसतात? ते म्हणाले, बघा ना.

बघितले. कोपऱ्यात दोन म्हाताऱ्या. एकीच्या पायाशी ते तपकिरी कुत्रे आणि कुत्र्यापाशी माझी नात. पलीकडे लेकरू मांडीवर घेतलेली एक तरणी बाई. एक नवरा-बायको टेकड्यांवरच्या जुन्या वाटेने चालत आलेले, पाठीवर पिशव्या. आणि दारापाशी दोन शेतकरी, गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांना ती पांढरी माती लागलेली. कुणी दचकले नाही, कुणी तोंड झाकले नाही, आणि माझ्या लुगड्याकडे बघून कुणी कोपराने कुणाला डिवचले नाही. एक म्हातारी सरकली आणि बाकावर हात आपटून मला जागा दाखवली. मी बसले. काय करणार?

लेकीने मला लिंबाचे गोड सोडापाणी आणून दिले आणि एक गरम पाव, आत चीज आणि कांदा. तिथे स्वयंपाक एवढाच, भरलेले पाव, आणि थंडीत सूप. बाबांनी अर्ध्या मापाची बिअर घेतली. पूर्ण मापाला ते पाइंट म्हणतात, आपल्या अर्ध्या लिटरहून जरा जास्त, ५६८ मिलिलिटर. पेल्यावर माप कोरलेले असते आणि त्याहून कमी भरून चालत नाही. बाबांनी मला ती गंमत समजावली. सातू भिजवून त्याला मोड आणतात, आपण नाचणीला आणतो तसे. मग भट्टीत वाळवतात, भरडतात, गरम पाण्यात उकडून गोड पाणी काढतात. त्यात हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालून उकळतात आणि निवल्यावर विरजणासारखे आंबवतात. त्यात हातभट्टीसारखा नवसागर नाही, काही नाही. सगळे रानातले. "तुमच्या हातात जी लोंबी होती ना, तीच ही," बाबा म्हणाले. मला त्यांना म्हणावेसे वाटले की माझ्या भावाची दारूही आमच्या रानातूनच निघायची, उसाच्या मळीतून. पण म्हटले नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते सांगते.

दारापाशी बसलेल्या दोघा शेतकऱ्यांतला एक तरणा होता, तिशीतला, तांबड्या गालांचा. त्याचा पेला संपला. तो उठून खिडकीकडे निघाला. त्याच्या सोबत्याने, तो वयाने मोठा, बसल्या जागेवरून त्याच्या बाहीला नुसता हात लावला आणि एकच शब्द बोलला. तरणा हसला, डोके खाजवले, पेला खिडकीत परत ठेवला आणि बाहेर गेला. जरा वेळाने ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. मी लेकीला विचारले, काय म्हणाला गं तो? ती म्हणाली, "काही नाही आई, म्हणाला, पुरे."

मी पदर तोंडाला लावला. लेकीला वाटले, चीज बाधले. पण मला भाऊ दिसत होता. त्याला मी पिताना एकदाच पाहिले, राखीला गेले होते तेव्हा. दुकानाच्या मागच्या बाजूला, मुतारीच्या भिंतीला तोंड करून, उभ्याने. चपटीचे बूच दाताने काढले आणि पाण्याशिवाय घटाघटा ओतली, कुणी बघू नये म्हणून. अर्धा मिनिट लागला नसेल. मग पालथ्या हाताने तोंड पुसून, खिशातली बडीशेप तोंडात टाकून, जणू काही झालेच नाही असा माझ्यापुढे राखी बांधून घ्यायला बसला. बारा वर्षे तो असा उभ्याने प्याला. बाहीला हात लावायला शेजारी कुणी नव्हते. आम्ही सगळे घरी होतो, रागावून. मीसुद्धा. शेवटची दोन वर्षे मी त्याच्याशी बोलत नव्हते, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

हे मी बाबांना सांगितले, लेकीच्या तोंडून. सांगताना म्हटले, तुमच्यात माणूस घरात बसून पितो म्हणून वाचतो. आमच्यात असे घर असते तर माझा भाऊ वाचला असता.

बाबांनी मान हलवली, हो अशी नाही, नाही अशी. म्हणाले, माझे वडील असल्याच बाकावर बसून प्यायचे, असेच जुने घर, असाच शेजार. ‘पुरे’ म्हणणारे होते, पण वडील दुसऱ्या गावच्या घरी जायचे. आमची शेती कुळाची होती, खंड थकला, जमीन मालकाने काढून घेतली. मी तेव्हा चौदा वर्षांचा. आई शहरात धुणी-भांडी करायला गेली. ते घर आता पब राहिलेले नाही, कुणीतरी राहायला घेतले आहे. "बाक माणसाला वाचवत नाही," ते म्हणाले, "पण मला बाकाचा राग धरता आला नाही. कारण वडील गेल्यावर आईकडे सगळे त्याच बाकावरचे लोक आले होते."

यावर मला बोलता आले नाही. अजूनही येत नाही.

त्या दिवसानंतर मी जावयाकडून पुष्कळ वाचून घेतले. म्हटले, हे विलायतेचे लोक आपल्यापेक्षा शहाणे असे समजून परत जायला नको. तसे काही नाही. अठराव्या शतकात लंडनमध्ये जिन नावाच्या कडक दारूने घरेच्या घरे धुतली, शेवटी १७५१ साली कायदा करून तिला आवर घालावा लागला. १८३० साली सरकारने उलटे केले. लोकांनी जिन सोडून बिअर प्यावी म्हणून दोन गिनी भरून कुणाही करदात्याला आपल्या घरात बिअर गाळायची आणि विकायची मुभा दिली. पुढची खोली, दोन बाके, आणि झाले दुकान. खेड्यांतली असली कितीतरी घरे त्या कायद्याने उघडली. पुढे दारूविरुद्ध चळवळ झाली. १८४७ साली लीड्स शहरात लहान पोरांकडून न पिण्याची शपथ घेणारी संस्था निघाली, १८७६ साली बायकांची निघाली. म्हणजे आडवी बाटली त्यांच्यातही होतीच. आजही झिंगलेल्याला दारू विकणे तिथे कायद्याने गुन्हा आहे.

आणि एक वाचून मात्र माझे डोके तापले. स्वतःच्या देशात ज्या सरकारने घराघरात बिअर गाळू दिली, त्याच सरकारने मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारीचा कायदा करून आपल्या लोकांची ताडी आणि मोहाची घरची दारू आवळली आणि ठेकेदाराची दुकाने उघडली. १८९२ साली तर ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुले घरात साठवण्यावरही बंधन आणले. ठेकेदाराला विक्री हवी, सरकारला महसूल. महात्मा फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेला दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिले ते उगीच नव्हे. आपल्या मोहाच्या दारूने कुणाचे भले होत होते असे मी म्हणत नाही. पण जो माणूस सणासुदीला चार जणांत अंगणात बसून पीत होता, तो तेव्हापासून दुकानाच्या खिडकीशी एकटा उभा राहिला की काय, असे मला वाटते. हे माझे अडाण्याचे गणित आहे. जाणत्यांनी तपासावे.

मेबल मज नावाच्या एका बाईंची हकीकतही जावयाने वाचून दाखवली. डेव्हन भागात ड्र्यूस्टाइन्टन नावाचे खेडे आहे, तिथले पब या बाईंनी पंचाहत्तर वर्षे चालवले आणि १९९४ साली नव्याण्णवाव्या वर्षी हात आवरला. त्या घरातही गल्ला नव्हता. मला त्यांचे नवल वाटले आणि थोडा हेवाही. गावातल्या पुरुषांच्या तीन पिढ्या बाईच्या नजरेसमोर प्यायल्या. आपल्याकडे दुकानाच्या पायरीवरून बाई खाली मान घालून जाते.

पण अशी घरे भराभर बंद होत आहेत. २००० साली सगळा ब्रिटन मिळून साठ हजारांच्या वर पब होते, ते आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत. कारणे ऐकली तर ओळखीची वाटतील. मोठ्या दुकानात डब्यातली बिअर स्वस्त मिळते, ती घेऊन माणूस घरी टीव्हीपुढे बसतो. कर वाढले. २००७ पासून आत विडी-सिगारेट बंद झाली, हे चांगले झाले, पण काही गिऱ्हाईक तुटले. आणि जागेला घराचा भाव आला की दुकान चालवण्यापेक्षा विकणे परवडते. बाबा म्हणाले, पूर्वी आमच्या गावात दोन पब, एक शाळा, एक टपाल कचेरी होती. आता संध्याकाळी गावातून चाला, प्रत्येक खिडकीत निळा उजेड, रस्त्यात माणूस नाही.

मला आमचे गाव आठवले. आमचा पार रस्ता रुंदीकरणात गेला. चावडीला कुलूप असते. देवळाचा ओटा होता, त्यावर लोखंडी जाळी बसवली, मूर्ती चोरीला जाऊ नये म्हणून. आणि दुकान तर आम्हीच बंद केले, त्याचा मला आजही पस्तावा नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा बाळंतिणीला उचलून आणीन. पण दुकान बंद झाल्यावर पोरे दारू प्यायची थांबली असे तुम्हाला सांगितले तर ते खोटे होईल. शेजारच्या फाट्यावरून प्लास्टिकच्या पिशवीत आणतात आणि कालव्याच्या भरावावर अंधारात बसतात. मोबाईलचे उजेड लांबून दिसतात. दोघेचौघे असतील, पण सगळी एका वयाची. त्यांत बाहीला हात लावणारा कुणी थोरला नसतो.

असो. त्या दिवशी दुपारी घर बंद व्हायची वेळ झाली. पहिल्या महायुद्धाच्या वेळी कारखान्यातल्या मजुरांनी जादा पिऊ नये म्हणून तिकडे पब दुपारी बंद ठेवायचा नियम केला होता, तो १९८८ साली उठला. या घराने मात्र दुपारची सुट्टी ठेवली आहे. म्हाताऱ्या उठल्या, कुत्रे उठले, नात रडकुंडीला आली. मी माझा सोडापाण्याचा पेला उचलला आणि खिडकीत नेऊन ठेवला, सगळे ठेवत होते म्हणून. विसळायला नळ कुठे आहे ते बघत होते, तर लेक म्हणाली, राहू दे आई, ते धुतात. बाहेर मागच्या अंगाला क्रिकेटचे मैदान आहे, तिथे चार पोरे खेळत होती. बाबा विहिरीच्या कट्ट्यावर टेकले आणि म्हणाले, सांगा, आहे का तुमच्या गावात असे घर? मी म्हटले, नाही. मग म्हटले, होते, पण त्यात दारू नव्हती. मी पाराचे बोलत होते. लेकीने ते कसे उलथून सांगितले कोण जाणे, बाबांनी टोपी काढून डोके खाजवले.

दिवाळीआधी मी परत आले. भुईमुगाच्या शेंगा तोडायला अंगणात आम्ही सात-आठ जणी बसलो होतो. बायांनी विलायतेचे विचारले. राजवाडा, विमान, थंडी, सगळे सांगून झाले आणि मग हेही सांगितले. हशा पिकला. एक जण म्हणाली, आक्कांनी बाटली आडवी केली आणि स्वतः जाऊन उभी करून आल्या! मीही हसले.

एक मात्र हसली नाही. तिचा नवरा रोज कालव्यावर असतो. शेंगा तोडता तोडता तिने विचारले, "आक्का, बायका कुठं बसत हुत्या म्हणालासा?"

"तिथंच की. बाकावर."

"गड्यांच्या शेजारी?"

"हां."

तिने हातातला वेल झटकला, माती पाडली, आणि पुढचा ओढून घेतला.